साडेतीन वर्षांच्या लेकीसोबत घरचा नाताळ: माझा अनुभव

आमचं घर अर्धं नगरचं आणि अर्धं वसईचं. मी नगरची, मराठी मिशनच्या म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतली, आमच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या आणि उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातली गाणी, आणि नवरा वसईचा कॅथलिक, त्याच्याकडे गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा, कुलकुल नावाचा गोड तळलेला फराळ आणि रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. लग्न झाल्यापासून दर डिसेंबरला आम्ही कुठल्यातरी एका गावी जातो, तिथे मोठी माणसं सगळं करतात आणि आपण फक्त तयार होऊन उभं राहायचं. यावेळी नवऱ्याला सुट्टी मिळणार नाही हे नोव्हेंबरमध्येच कळलं होतं, मग ठरलं की पुण्यातच, वडगाव शेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये नाताळ करायचा. लेक साडेतीन वर्षांची. तिला समजायला लागल्यापासूनचा हा पहिलाच नाताळ, त्यामुळे मला तो मनापासून नीट करायचा होता.

दिवाळीचा कंदील उतरवला तसं तिचं सुरू झालं, नाताळ उद्या आहे का, आज आहे का, झोपून उठल्यावर आहे का. एवढ्या लहान मुलाला 25 तारीख म्हणजे काय कळणार, तिच्यासाठी आज असतं आणि उद्या असतं, बास. आणि मी बघितलंय ना, लहान पोरांना 25 ला एकदम नवे कपडे, गर्दी, केक, गिफ्ट, पाहुणे असं सगळं एका दिवसात मिळालं की दुपारपर्यंत ती रडकुंडीला येतात आणि काय झालं ते त्यांच्या लक्षातही राहत नाही. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की महिनाभर थोडं थोडं करायचं, आणि तिने नुसतं बघायचं नाही, तिच्या हाताला काहीतरी काम पाहिजे.

सुरुवात आगमनकाळापासून केली. नाताळच्या आधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. माझ्या माहेरी आगमनाचे रविवार पाळायचे पण मेणबत्त्यांचं चक्र घरात नसायचं, ते नवऱ्याकडून आलं. पितळी परातीत वाळू, कडेने अशोकाची पानं, मधे मेणबत्त्या. दर रविवारी जेवायच्या आधी एक मेणबत्ती वाढायची, आणि तिला हे इतकं पटकन कळलं की मी थक्क झाले, चारही पेटल्या की बाळ येशू येणार. कॅलेंडरवरच्या आकड्यांपेक्षा हे तिला जास्त पटलं. फुंकर मारून विझवायचं काम तिचं. मेणबत्ती खरीच घ्या असं मी सांगेन, बॅटरीवाली नको, फक्त परात उंच टेबलावर आणि मोठं माणूस शेजारी.

6 डिसेंबरला संत निकोलसचा सण असतो. सांताचं काय करायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. मॉलमधला सांता बघून ती घाबरून रडते, आणि मलाही तिला "शहाण्यासारखी वागलीस तरच गिफ्ट" असं सांगायचं नव्हतं. मग नवऱ्याने तिला निकोलसचीच गोष्ट सांगितली. चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, आणि एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या अशी कथा आहे. लग्न, हुंडा वगैरे गाळून आम्ही सांगितलं की त्या घरात खायला नव्हतं आणि त्यांनी कोणाला न कळता दिलं. तिला यातलं गुपचूप फार आवडलं. खालच्या वॉचमनदादांच्या मुलासाठी तिने स्वतः रंगांची पेटी निवडली आणि आम्ही ती पहाटे त्यांच्या दारात ठेवून आलो. ती माझ्या कडेवर, तोंडावर हात दाबून.

मग माझे वडील आले नगरहून, खास चांदणीसाठी, म्हणजे नाताळच्या ताऱ्याच्या कंदिलासाठी. बाजारात प्लॅस्टिकच्या मिळतात, एम. जी. रोडला डिसेंबरमध्ये जागोजागी टांगलेल्या असतात, पण पप्पा दरवर्षी बांबूच्या कामट्यांची करतात आणि ती कशी करतात हे मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय. पाच कामट्यांचा एक सपाट तारा, तसाच दुसरा, दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने घट्ट बांधायची, आणि मग मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी वीतभर लांबीच्या छोट्या काड्या उभ्या अडकवायच्या, की तारा फुगतो, त्याला पोट येतं. हा क्षण बघण्यासारखा असतो. सपाट वस्तू एकदम उभी राहते! वर पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीने चिकटवलेला. खळ लावायचं काम लेकीचं, कोपरापर्यंत माखलेली, आणि पप्पा सारखं तिला म्हणत होते, "सावकाश बाळा, कागद रुसतो." लाल कागदावर एका जागी तिच्या बोटांचे पाच ठसे उमटले होते, पप्पांनी ते पुसले नाहीत, ती बाजू मुद्दाम रस्त्याकडे केली. दिवाळीच्या कंदिलाच्याच हुकला चांदणी लागली.

आता गोठा. माझ्या मते लहान मूल घरात असेल तर झाडापेक्षा गोठ्याला जास्त वेळ द्यावा, कारण झाड बघायचं असतं आणि गोठ्यात खेळता येतं. नवरा सांगतो की ही पद्धत असिसीच्या संत फ्रान्सिसनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात सुरू केली, खऱ्या गव्हाणीत गवत टाकून आणि खरा बैल नि गाढव उभं करून, म्हणजे लोकांना डोळ्यांनी दिसावं की बाळ कशा जागी जन्मलं. वसईला अजूनही मुलं आठवडाभर राबून मोठमोठे गोठे करतात. आमचा आपला टीव्हीच्या टेबलावर मावेल एवढा, पण गवत मात्र खरं.

गवतासाठी नाचणी पेरतात. रात्रभर भिजवायची, मिठाईच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांना खाली भोकं पाडून दोन बोटं कोकोपीट, त्यावर नाचणी दाट पसरायची, वरून मातीचा अगदी पातळ थर आणि स्प्रेने पाणी. 10 डिसेंबरच्या आसपास पेरली तर नाताळपर्यंत छान होते. गहू पण पेरतात काही लोक, तो भराभर आणि उंच वाढतो, पण छोट्या मूर्ती त्यात दिसेनाशा होतात, नाचणीचं गवत बारीक आणि मऊ. रोज सकाळी ब्रश करायच्या आधी ती स्प्रेची बाटली घेऊन बाल्कनीत. दोनच दिवसांत कबुतरांनी एक डबा साफ केला, त्या दिवशी घरात मोठाच आक्रोश झाला, मग पुन्हा पेरून वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला. शिवाय पुण्याच्या थंडीत नाचणी हळू वाढते हे वसईच्या माणसाला माहीत नव्हतं, त्यामुळे रात्री डबे किचनच्या ओट्यावर आणायला लागलो. शेजारच्या काकू डबे बघून म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या घटासारखंच!" आणि मग त्याच रोज येऊन पोरीला विचारायच्या, किती वाढलं गं आज.

गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय, गाढव ठेवले आणि गव्हाण रिकामी. बाळ 24 च्या रात्रीच. बाळाची मूर्ती कपाटात वरच्या खणात. हे रिकामं ठेवणं तिला सुरुवातीला अजिबात मान्य नव्हतं, गव्हाणीत तिने एकदा डायनासोर झोपवला, एकदा स्वतःचा मोजा. मी काढलं नाही लगेच. संध्याकाळी काढायचो आणि तिला म्हणायचो की जागा ठेवायला हवी ना आपण. काही घरांत मुलाने चांगलं काम केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची अशी पद्धत आहे, ती मी विचारपूर्वक थोडी बदलली. काम मोजायचं नाही, झोपायच्या आधी आज कोण आपल्याशी चांगलं वागलं ते सांगायचं आणि त्याच्या नावाची काडी टाकायची. व्हॅनवाले काका, भाजीवाल्या मावशी, वर्गातली एक मुलगी जिने हिला खोडरबर दिला. एकदा तिने कबुतराच्या नावाची पण टाकली. बाळासाठी मऊ गादी झाली पाहिजे एवढंच तिच्या डोक्यात, आणि मला तेच हवं होतं.

गोष्ट वाचायला नवऱ्याने घरून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल आणलंय, त्यातला लूकचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूजन्माची गोष्ट, रोज थोडा थोडा. भाषा सोपी आहे, तरी साडेतीन वर्षांच्या मुलीला थांबून थांबून सांगावं लागतं. मरिया-योसेफला उतरायला जागा मिळाली नाही यावर ती अडकली. का नाही मिळाली? आपल्याकडे आले असते तर? मग तिने तिची छोटी चादर काढून ठेवली त्यांच्यासाठी, आणि ती चादर पूर्ण महिना सोफ्यावर तशीच होती.

फराळ दोन्हीकडचा केला. करंज्या माझ्या आईच्या पद्धतीने, आणि कुलकुल सासूबाईंच्या, व्हिडिओ कॉलवर. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, पिठीसाखर, तूप. गोटीएवढी गोळी काट्या-चमच्याच्या काट्यावर पाठीमागून दाबायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखं रेषारेषांचं होतं. हे काम लहान मुलांना इतकं जमतं की करंजीत त्यांना अजिबात घेऊ नका, इथे घ्या. सासूबाई तिकडून मोठ्याने, "पोरी, शेवट नीट दाब गं, नाहीतर तेलात उघडतंय!" तिची काही उघडली, ती वेगळ्या डब्यात ठेवली, तिला तीच आवडतात. तळायच्या वेळी तिला बाहेर काढलं आणि पप्पांकडे दिलं. केकचे मनुके-बेदाणे तिच्यासाठी संत्र्याच्या रसात भिजवले, मोठ्यांचा केक वेगळा.

दिवाळीला बिल्डिंगमधून आमच्याकडे फराळाची ताटं येतात, नाताळला आमच्याकडून जातात. 23 ला क्रोशाचे रुमाल टाकून ताटं काढली आणि ती माझ्यापुढे पुढे, प्रत्येक दारात बेल वाजवून "हॅपी नाताळ, हे कुलकुल मी केलंय". चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तिला आत नेऊन देवापुढची साखर दिली.

त्याच रात्री चर्चची गाणी म्हणणारी मंडळी आली, पेटी, ढोलकी, टाळ घेऊन. मला हे फार जवळचं आहे. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीत भजन-अभंग आणले आणि त्यामुळे आमच्या नगरच्या घरांमध्ये नाताळ असा टाळ-ढोलकीवर येतो. लेक झोपेतून उठून पप्पांच्या खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तरी हाताने बरोबर ताल धरलेला. पप्पा गाता गाता थांबले आणि रडले. मी पण.

24 ला रात्री उशिराची मिस्सा तिला झेपणार नव्हती म्हणून संध्याकाळच्या मिस्सेला जाऊन आलो. घरी आल्यावर सगळे दिवे बंद केले, चौथी मेणबत्ती आणि चांदणी तेवढी चालू, आणि कपाटातून बाळाची मूर्ती तिच्या दोन्ही तळहातांवर ठेवली. बेडरूमपासून गोठ्यापर्यंत दहा पावलं असतील, पण तिला खूप वेळ लागला, श्वास रोखून चालत होती. गव्हाणीत काड्या इतक्या झालेल्या की मूर्ती नीट बसेना, तर तिने बोटांनी मधे खड्डा केला आणि ठेवली. मग वाकून म्हणाली, "आलास? किती उशीर केलास!" नवरा म्हणाला, आता वसईला फोन लाव. तिने आजीला ओरडून सांगितलं, "आजी, आला!" आणि तिकडून आजी, काका, सगळेच "आला गं आला".

25 चा दिवस मग अगदी शांत गेला. सकाळी माझ्या चर्चला उपासना, घरी मटण आणि पुलाव, दोन-तीन कुटुंबं जेवायला, दुपारी तिला झोपवलं म्हणजे झोपवलंच, कोणी कितीही म्हणालं राहू दे तरी. एकच गिफ्ट दिलं, लाकडी किचन सेट. नातेवाईकांची बाकीची गिफ्ट्स पुढच्या दिवसांत एकेक करून काढली.

आणि नाताळ 25 ला संपवला नाही. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, त्यांच्या मूर्ती आम्ही आधी पुस्तकांच्या कपाटावर ठेवल्या होत्या, ते 26 पासून रोज थोडे पुढे. फ्रिजवर, खिडकीत, शू-रॅकवर. रोज उठल्यावर तिचा पहिला उद्योग राजे कुठपर्यंत आले ते शोधणं. त्यांचा सण 6 जानेवारीला, चर्चमध्ये तो जवळच्या रविवारी करतात, तर त्या रविवारी ते गोठ्यात पोचले. गोठा संध्याकाळी आवरला, नाचणीचं गवत मातीसकट गच्चीवरच्या कुंड्यांत गेलं, मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. फक्त राजांचा उंट ती परत देत नाहीये, त्याला भूक लागलीय म्हणते, तर तो सध्या किचन सेटच्या कढईत बसून वरणभात जेवतोय.