पक्षी-कॅमेरा: एक्स्पोजरचे हेलकावे थांबले

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर (चित्र किती उजळ हे आपोआप ठरवणं) बंद करून त्या जागी स्वतःचा लूप, म्हणजे चित्र बघून पुन्हा पुन्हा दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम, बसवतोय, त्याची ही पुढची नोंद. कॅमेरा मॉड्यूल ३ च्या लेन्सचं छिद्र एफ/१.८ वर कायम, म्हणजे हाताशी फक्त शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा) आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा).

जास्वंदीच्या फांदीवर शिंजीर, मागे पांढरंफटक आकाश. सरासरी मीटरिंग (अख्ख्या चित्राचा उजेड मोजणं) आकाशाचंच ऐकतं आणि पक्षी काळा ठिपका होतो. स्पॉट मीटरिंग बघतं मधोमध, पण शिंजीर मधोमध बसेल तर ना! म्हणून कमी रिझोल्यूशनच्या (लो-रेझ) स्ट्रीममधला ल्युमा, म्हणजे पिक्सेलची उजळता, घेऊन त्याचे ८×६ चौकोन पाडले. फांदीच्या चौकोनांना भरपूर वजन, आकाशाला थोडंसंच. शून्य देऊ नका, आकाश इतकं जळतं की फांदीच्या कडाही खाऊन टाकतं.

खरी मेख गॅमात आहे, म्हणजे चित्रातले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. ल्युमाची सरासरी ५९ आली आणि लक्ष्य ११८ असलं, तर एक्स्पोजर दुप्पट करून भागत नाही. गॅमा २.२ धरला तर साडेचार पटींहून जास्त, म्हणजे दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडं वर जावं लागतं. आधी आकडे लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात, करायचे, मग भागाकार. रास्पबेरी पायच्या टोन कर्व्हमुळे (चित्राची उजळता बदलणारा वक्र) हेही अंदाजेच, पण लूपला तेवढं पुरतं.

हेलकावे मात्र वेगळ्याच कारणाने येत होते. नवं शटर प्रत्यक्षात लागू व्हायला काही फ्रेम जातात. तेवढ्यात लूप जुनंच चित्र बघून पुन्हा दुरुस्ती करतो. आता मेटाडेटात (फ्रेमसोबत येणाऱ्या माहितीत) मागितलेलं एक्स्पोजर दिसेपर्यंत थांबतो, मग फरकाच्या पाचव्या हिश्शाएवढंच हलतो. चित्र जळत असेल तर झटकन खाली. अंधारलं तर सावकाश वर. फ्रेमभर कावळा येऊन बसला म्हणून लगेच सगळं उजळायची घाई कशाला?

संध्याकाळचं काम बाकी आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बाल्कनीतला स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तेव्हा शटर १० किंवा २० मिलिसेकंदच हवं, नाहीतर चित्रात पट्टे सरकतात. १० वरून २० वर जाताना त्याच फ्रेमला गेन निम्मा व्हायला हवा. पुढेमागे झालं की एक फ्रेम झपकन उजळते. सध्या तिथेच अडलोय. कुणी हे जमवलं असेल तर आकडे टाका.