सिन्नरहून आयआयएपर्यंत : सदस्य होतानाचा माझा अनुभव

बी.आर्क. म्हणजे वास्तुकलेची पदवी झाल्यावर दोन नावं सारखी कानावर पडतात, कौन्सिल आणि इन्स्टिट्यूट. नव्या मुलांना ती एकच वाटतात, म्हणून आधी तेच सांगते. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर १९७२ च्या कायद्याने आली. तिथे नोंदणी केल्याशिवाय नावामागे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स, म्हणजे आयआयए, ही आपल्या व्यवसायातल्या लोकांनी उभी केलेली संस्था. तिचं सदस्य व्हायची सक्ती नाही.

माझी कौन्सिलची नोंदणी सरळ झाली. गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, फी, मग सीए अक्षरांनी सुरू होणारा नंबर. शिक्का करून घेतला आणि सिन्नरला ऑफिस सुरू केलं. पण तालुक्याच्या गावी नुसत्या नंबरावर भागत नाही. कायदा 'आर्किटेक्ट' या पदनामाला संरक्षण देतो, नकाशे काढायच्या कामाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तेच सांगितलं. त्यामुळे समोरचा ड्राफ्ट्समन चार पैशांत प्लॅन देतो, आणि घर बांधणारा मालक तोच आकडा आपल्यापुढे ठेवतो. अशा वेळी काय बोलायचं, करारात काय लिहायचं, हे विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

म्हणून आयआयएच्या नाशिक केंद्राच्या व्याख्यानांना जायला लागले. असोसिएट सदस्यत्वाच्या अर्जाला नोंदणीची प्रत आणि फी लागते, ते सोपं. अवघड गेलं ते आधीच्या सदस्यांच्या सह्या मिळवणं. मी नाशिकच्या कॉलेजची नाही, तिथे नोकरीही केलेली नाही, मग मला ओळखणार कोण? एका व्याख्यानानंतर केंद्रातल्या एका ज्येष्ठ मॅडमना सरळ जाऊन सांगितलं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी तुझी कामं दाखव." पुढच्या वेळी मी वर्किंग ड्रॉइंगची, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांची, गुंडाळी घेऊन गेले. त्यांनी जिन्याच्या सेक्शनवर (उभ्या छेदावर) बोट ठेवून हेडरूम, म्हणजे डोक्यावर किती मोकळी उंची राहते, ते विचारलं, टॉयलेटच्या सन्कनचं (खाली घेतलेल्या स्लॅबचं) कसं केलं तेही विचारलं, मग सही केली. दुसरी सही त्यांच्याच ओळखीने मिळाली. अर्ज मुंबईला गेला आणि यथावकाश सदस्य क्रमांक आला. ही अट मला पटते. नुसते पैसे भरून आत घेतलं असतं तर मॅडमची आणि माझी ओळख कधी झालीच नसती.

मुळात ही संस्था माजी विद्यार्थ्यांनीच सुरू केली. १९१७ मध्ये मुंबईत वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी मंडळ काढलं आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आजचं नाव १९२९ चं.

सदस्यत्वाचा खरा उपयोग कळला तो एका बंगल्याच्या कामात. जोतं झालेलं, तळमजल्याचे कॉलम उभे, वरच्या सळ्यांना गंज चढलेला. मालक म्हणाले, "मॅडम, आधीच्या आर्किटेक्टशी आमचं जमलं नाही. ड्रॉइंग सगळी आहेत, तुम्ही फक्त पुढचं बघा." मला कामाची गरज होती. तरी हो म्हणण्याआधी मॅडमना फोन लावला.

"साइटवर पाऊल टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम थांबवल्याचं मालकांकडून लेखी घे. मग त्या आर्किटेक्टना स्वतः पत्र लिही. फी बाकी आहे का, तेही विचार."

कौन्सिलच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरण नियमांत हे आहेच: आधीची नेमणूक संपल्याचा पुरावा हवा आणि त्या आर्किटेक्टला लेखी कळवायला हवं. नियम मी अभ्यासक्रमात वाचला होता, पण पत्र कसं लिहायचं ते मॅडमनी शिकवलं. पत्र गेलं. वर्किंग ड्रॉइंगच्या टप्प्याची फी थकली होती. मालकांनी कुरकुर केली, पण भरली. मग त्या आर्किटेक्टनी आपणहून फोन केला आणि सांगितलं, की मागच्या कोपऱ्यात खणताना खडक वर लागला म्हणून तिथल्या फूटिंगची (कॉलमखालच्या पायाची) पातळी साइटवरच बदलली होती. माझ्या हातातल्या ड्रॉइंगवर त्याची खूणही नव्हती. आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरला, ते कळवलं, त्यांनी तपासून दिलं, आणि मगच स्लॅबच्या सेंटरिंगला (साच्याच्या आधाराला) हात लावला.

एकट्याने ऑफिस चालवणाऱ्यांनी, त्यातही तालुक्याच्या गावी असणाऱ्यांनी, सदस्य व्हावंच असं मी आग्रहाने सांगते. सह्यांसाठी ओळख नसेल तर कार्यक्रमांना जा, ड्रॉइंग सोबत न्या, स्वतःहून बोला. फुकट डिझाइन करून दाखवायला सांगणाऱ्या मालकाला नाही म्हणायचं बळसुद्धा मला या माणसांमुळेच आलं.

सध्या आम्ही काही जणी मिळून मराठीत करारनामा तयार करतोय. आर्किटेक्टला काम देताना वापरायच्या कौन्सिलच्या नेमणुकीच्या अटी चांगल्या आहेत, फी टप्प्याटप्प्याने कशी घ्यायची ते त्यात आहे, डिझाइनचा हक्क आर्किटेक्टकडेच राहतो हेही आहे. पण ते इंग्रजी कागद आमचे मालक न वाचताच सही करतात. पहिला मसुदा मॅडमकडे दिलाय, त्यांनी फीच्या कलमावर बऱ्याच खुणा करून परत पाठवलाय.