सेकंद काटा

दुपारचे अडीच. उन्हानं रस्त्यावरचं डांबर असं पाघळलेलं की चप्पल चिकटत होती. मी हिंगणघाटला एका घड्याळवाल्याच्या टपरीसमोर, त्यानं पुढे सरकवलेल्या डगमगत्या स्टुलावर बसले होते. तो डोळ्याला भिंग लावून आजीच्या एचएमटीचं पोट उघडून पाहत होता.

“मशीन एक नंबर आहे ताई. फक्त सेकंद काटा अडकते. काढून टाकू का? टाइम तं बरोबरच दाखवते.”

काढून टाकू का! मी त्याच्याकडे असं पाहिलं असणार, की त्यानं भिंग काढून नीट माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “नाही, म्हणजे तुमची मर्जी. पण पार्ट भेटणं मुश्कील. कंपनी बंद झाली ना.” ते खरं आहे, 2016 साली झाली. पण त्या काट्याखातर या घरात एक घड्याळ दुकानात परत गेलं होतं, हे त्याला काय सांगणार!

ते साल 1974. सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू करून दोनच वर्षं झाली होती आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं मिळायचा. पहिल्या हप्त्यात आजीला गोठ करून देतो, असं आबाजी म्हणाले होते. हप्ता गोठांपुरता नव्हता, म्हणून घड्याळ घेऊन आले. लेडीज, सोनेरी पट्ट्याचं, नखाएवढं. आजीनं ते हातात घेतलं, उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “याले सेकंद काटा कुठी हाय?”

बायकांच्या घड्याळाला तेव्हा बहुधा नसायचाच. बाईला सेकंदांशी काय करायचं, असं घड्याळ करणाऱ्यांना वाटत असावं.

आबाजी एसटीनं परत हिंगणघाटला गेले आणि ते देऊन, वर पैसे घालून, मर्दानी एचएमटी घेऊन आले. काळा पट्टा, चावीचं. दुकानदाराला वाटलं यांनी स्वतःसाठी घेतलं, त्यानं अभिनंदन केलं म्हणे. गावात मग पुष्कळ दिवस चर्चा होती की नर्सबाई नवऱ्याचं घड्याळ घालते. आबाजींच्या मनगटावर आयुष्यभर घड्याळ नव्हतं. ते छपरीच्या सावलीवरून वेळ सांगत आणि ती दहा मिनिटांपेक्षा जास्त चुकत नसे.

आजी उपकेंद्राची नर्स. एका उपकेंद्राला पाच हजार लोकवस्ती हा सरकारी हिशोब, म्हणजे आमच्याकडे सहा गावं आणि मध्ये पावसाळ्यात चढणारे दोन नाले. नऊवारी तिनं कधी नेसली नाही, पांढरं पातळ, आणि मनगटावर हे काळं घड्याळ. ती घड्याळ उलटं घालायची, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यामुळे दुसऱ्याचं मनगट धरलं की तिचं घड्याळ आपोआप तिच्या डोळ्यांसमोर यायचं.

आमची आजी काही मायेची वगैरे नव्हती. म्हणजे होती, पण कुरवाळणं, पापे घेणं, मांडीवर बसवणं या गोष्टी तिच्या हातात बसत नसत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही एसटीतून उतरलो की ती आधी नखं पाहायची, मग पापणी खाली ओढून डोळे, मग “जीभ काढ”. त्यानंतर मनगट धरायची. तीन बोटं, घड्याळावर नजर, आणि ओठ किंचित हलत. अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची. तेवढा अर्धा मिनिट ती कोणाशी बोलत नसे, आणि चुलीवर दूध उतू गेलं तरी हलत नसे. मी तर मुद्दाम दिवसातून दोनदा “आजी, मले कसंसंच होऊन राहिलं” म्हणत जायची. तिला कळत नव्हतं असं नाही. “काई नाई झालं तुले,” म्हणायची, पण मोजायची.

मला तिनं मोजायला शिकवलं ते आठव्या-नवव्या वर्षी. मी अंगठा टेकवला तर चापट बसली. “अंगठा नाई लावाचा वं! अंगठ्यात आपलीच नाडी लागते. आपलीच मोजत बसशीन अन् म्हनशीन पेशंट बरा हाय.”

आता सगळ्यांच्या घरी बोटाला लावायचा तो चिमटा आहे. कोरोनात आम्हीही घेतला. आकडा बरोबर दाखवत असेल, माझं काही म्हणणं नाही. पण डॉक्टरनं तो चिमटा बोटाला अडकवून मान वळवून कॉम्प्युटरकडे पाहिलं की मला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटतं. हे माझं खूळ आहे, घरचे हसतात.

सेकंद काट्याचं खरं काम मात्र नाडी नव्हतंच. ते होतं तान्ह्या लेकरांचे श्वास मोजणं. पावसाळा सरता सरता एखादी बाई लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन पहाटेच दारात उभी असायची, “पसली चालून राहिली जी याची.” आजी अंगडं वर करायची आणि नुसती पोटाकडे पाहत बसायची. इथं अर्धा मिनिट चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावा लागतो, आणि लेकरू रडत असेल तर थांबून पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, त्यावर पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढे भरले किंवा वर गेले की निमोनिया समजायचा. हे आकडे आम्हा नातवंडांना पाढ्यांसारखे पाठ होते. गडचिरोलीकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ज्यांना मोजता येत नाही अशा दायांसाठी मणी सरकवायचं साधन केलं, हे तिनं कुठल्याशा ट्रेनिंगात ऐकलं तेव्हा ती फार खूश झाली होती. “हुशार मानूस हाय,” म्हणाली. मग घड्याळाला चावी देत, “मले तं येतेच बाप्पा मोजता.”

रात्रीच्या बाळंतपणांना आबाजी सोबत जायचे. आधी सायकलवर, मग लुनावर, ती मागे बसून कंदील धरायची. ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली तंबाखू मळत बसत. आत लेकरू रडलं की बाहेरून ओरडायचे, “किती वाजले?” आतून ती वेळ सांगायची आणि ते बियाणांच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत लिहून घ्यायचे. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलगा की मुलगी, वेळ. सरकारी रजिस्टर वेगळं, ही डायरी वेगळी. वीस-बावीस वर्षांनी लोक येत, “आबाजी, आमच्या पोट्टीचा टाइम पाह्यता का, सोयरीक जुळून राहिली.” आबाजी चष्मा लावत, डायरी काढत. सहा गावांतल्या निम्म्या पत्रिका त्या डायरीवरून झाल्या असतील.

आता यातली गंमत. आजीचं घड्याळ नेहमी पाच मिनिटं पुढे असायचं. एसटी चुकू नये म्हणून. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवणारी रास, एक अंश सरकायला सरासरी चार मिनिटं लागतात म्हणतात, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचं लग्न एकेक अंश, वर थोडं, पुढे सरकलेलं! मी एकदा तिला विचारलं, की वेळ सांगताना तू पाच मिनिटं वजा करायचीस ना? तूर निवडता निवडता तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा निवडायला लागली. “सुखानं नांदून राहिल्या ना पोट्ट्या,” म्हणाली. सगळ्या काही नांदल्या नाहीत, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती रिटायर झाली आणि मग तिच्याकडे पेशंट उरला एकच. संध्याकाळी छपरीत बाज टाकून आबाजी बसले की ती शेजारी बसून त्यांचं मनगट धरायची. ते विचारायचे, “किती भरले, शिस्टर?”

“बहात्तर.”

रोज बहात्तर. त्यांना पहिला झटका येऊन गेला तरी बहात्तर. एकदा ती पाणी आणायला आत गेली तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. ठोके मध्येच गळत होते, आणि आकडा बहात्तरच्या जवळपासही नव्हता. आबाजी माझ्याकडे पाहत होते. बोटानं आतल्या दाराकडे दाखवून त्यांनी नकारार्थी मान हलवली. आजी तांब्या घेऊन बाहेर आली आणि कोणी काही बोललं नाही.

ते गेल्यावर ती नऊ वर्षं राहिली. घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायची, पण मोजायची कोणाचं नाही. आमच्या मुलांचंसुद्धा नाही. मी माझ्या मुलीला तिच्यापुढे उभं केलं, “पणजीला हात दे” म्हटलं, तर तिनं तो नुसता धरला, घड्याळाकडे पाहिलंच नाही.

घड्याळवाल्याला मी म्हटलं, काटा राहू द्या. अडकला तर अडकला. त्यानं खांदे उडवले, झाकण बसवलं आणि पन्नास रुपये साफ करण्याचे घेतले.

शेवटच्या दिवशी, पहाटे, तिच्याजवळ मीच होते. हे घड्याळ तिच्या हातातून काढून माझ्या हातात घातलं, तबकडी आतल्या बाजूला. तीन बोटं लावली. मिनिटभर लावली, पुन्हा लावली, बोटं सरकवून पाहिली. काही लागेना.

मग मी अंगठा लावला. अंगठ्याला लागत होतं. काका दारातून हाक मारेपर्यंत मी मोजत बसले होते.