ट्राम, दादर टीटी आणि रस्त्याच्या पोटातलं काम

२० डिसेंबर २०२४, शुक्रवार. सिडनीच्या पश्चिमेकडच्या पॅरामाटा भागातल्या नव्या लाइट रेलचा, म्हणजे आजच्या ट्रामचा, पहिला दिवस. आई तेव्हा दादरहून आमच्याकडे सिडनीला आलेली होती, मी अर्धा दिवस रजा टाकली आणि दोघं वेस्टमीडच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिलो. डिसेंबर म्हणजे इथे कडक उन्हाळा, आई पदराने वारा घेत होती, बाजूला बाबागाड्या, आजी-आजोबा, मोबाईल वर धरून उभी असलेली पोरं आणि आपली माणसं तर चिक्कार, कारण वेस्टमीड-हॅरिस पार्क म्हणजे इथे आपली वस्तीच आहे. ट्राम वळणावरून आली, समोर थांबली आणि आई म्हणाली, "अरे, हिचा आवाज कुठेय?"

आईचा जन्म १९५४ चा. मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ३१ मार्च १९६४ च्या रात्री, म्हणजे तेव्हा ती दहा वर्षांची. तिच्या डोक्यात ट्राम म्हणजे खडखडाट आणि ड्रायव्हर पायाने दाबून वाजवायचा ती घंटा. त्यामुळे ही ४५ मीटर लांब, चारशे माणसं घेणारी गाडी गुपचूप पुढ्यात येऊन उभी राहते हे तिला पटतच नव्हतं.

मला मात्र त्या दिवशी वेगळंच वाटत होतं आणि ते थोडं सविस्तर लिहायचंय, कारण माझं काम ह्याच्याशी लागून आहे. मी रस्त्याखालच्या लाइनी शोधतो. पाणी, गॅस, वीज, गटार, फायबर. ह्या ट्रामच्या प्रोजेक्टवर मी नव्हतो, पण इतर रस्त्यांवर गेली अकरा वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं लाइट रेल बांधणं म्हणजे रूळ टाकणं, तारा ओढणं, गाड्या आणणं. खरं सांगतो, त्यातलं खर्च फुगवणारं आणि सगळ्यात बेभरवशाचं काम रुळाच्या खाली असतं, आणि तेच कोणी आधी नीट बघत नाही.

रूळ पडतात काँक्रीटच्या जाड स्लॅबमध्ये. बसच्या रस्त्याखाली पाइप फुटला तर बस बाजूच्या गल्लीतून काढता येते, ट्रामला कुठून काढणार? म्हणून स्लॅबच्या खाली येणाऱ्या लाइनी आधी बाजूला हलवाव्या लागतात किंवा खोल न्याव्या लागतात. त्यात अजून एक भानगड. ट्रामला वरच्या तारेतून ७५० व्होल्ट डीसी करंट मिळतो, तो मोटर फिरवून रुळातून परत सबस्टेशनला जातो, पण त्यातला थोडा रुळातून जमिनीत झिरपतो आणि जवळ लोखंडी पाइप असेल तर त्याच्यातून वाट काढतो, आणि जिथे तो पाइप सोडून बाहेर पडतो तिथे पाइप गंजून पोखरला जातो. वर्षानुवर्षं. म्हणून रस्त्यात पुरलेला रूळ रबराच्या वेष्टनात गुंडाळलेला असतो, आता पुढच्या वेळी ट्रामचा रस्ता ओलांडताना खाली बघा, रुळाच्या दोन्ही कडांना काळी पट्टी दिसते ते रबर.

आता शोधायचं कसं. आधी प्रत्येक खात्याकडून नकाशे मागवायचे. मग रडारचं मशीन रस्त्यावरून ढकलत न्यायचं, आणि शेवटी जिथे खात्री हवी तिथे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती सुटी करून मोठ्या पाइपने ती ओढून घ्यायची, म्हणजे कुदळ न लावता खड्डा होतो, जेमतेम कळशी मावेल एवढा. मग टॉर्च मारून आत बघायचं. एकदा रात्री दोन वाजता असाच खड्डा घेतला, नकाशावर वीजेची केबल ९० सेंटिमीटरवर होती आणि ती लागली ४० वर, तिच्यावरची धोक्याची सूचना देणारी पट्टी कधीच कुजून गेलेली, आणि तिच्या खाली एक मातीचा जुना नळ जो कुठल्याच कागदावर नव्हता, आत हात घातला तर पाणी वाहत होतं. कोणाचा नळ, कुठून येतो, कुठे जातो, हे शोधण्यात आठवडा गेला आणि तेवढे दिवस त्या तुकड्यावरचं काम बंद. एक खड्डा, एक आठवडा. आता असे बारा किलोमीटर डोळ्यापुढे आणा.

सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर हेच झालं. पॅरामाटाच्या आधीची ती लाइन, सर्क्युलर कीपासून रँडविक आणि किंग्सफर्डकडे, १२ किलोमीटर. १६० कोटी डॉलरमध्ये होईल असं सांगितलेलं, ऑक्टोबर २०१५ मध्ये जॉर्ज स्ट्रीट खोदायला घेतला. वीजेच्या जमिनीखालच्या चेंबर्सचं काय करायचं, किती करायचं ह्यावरून कंत्राटदार आणि सरकारमध्ये जुंपली, शेवटी ५७.६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. रँडविकचा फाटा सुरू झाला १४ डिसेंबर २०१९ ला, किंग्सफर्डचा ३ एप्रिल २०२० ला, आणि सरकारी ऑडिटमध्ये एकूण खर्च निघाला ३१० कोटींच्या वर. जवळजवळ दुप्पट.

पैशाचं एक वेळ बाजूला ठेवा. त्या रस्त्यावरच्या दुकानदारांच्या दारासमोर कामाच्या कुंपणाचे पत्रे लागले ते सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढेपर्यंत हललेच नाहीत. गिऱ्हाईक पत्र्याच्या पलीकडून निघून जातं. माणसं भाडं भरत राहिली आणि रिकाम्या दुकानात बसून राहिली, काहींनी शटर कायमचं ओढलं, पुढे दुकानदार एकत्र येऊन कोर्टात गेले. मी तेव्हा तिथून रोज चालत जायचो. चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात बाई काउंटरवर कोपर टेकून बाहेरच्या पत्र्याकडे बघत बसलेली असायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणूनच पॅरामाटाला चर्च स्ट्रीटवर, जिथे ओळीने हॉटेलं आहेत, सणासुदीच्या महिन्यांत खोदकाम थांबवायची सोय ठेवलेली होती. तरी तिथेही हाल झालेच, आणि कार्लिंगफर्डकडच्या लोकांची तर जानेवारी २०२० मध्ये ट्रेनच बंद झाली, ती जागा ह्या ट्रामसाठी हवी होती, २०२३ ला सुरू होणार म्हणत म्हणत जवळपास पाच वर्षं त्यांनी बसवर काढली. पाच वर्षांत हायस्कूलला गेलेलं पोर कॉलेजला लागतं.

हे सगळं बघूनही मी लाइट रेलच्या बाजूचाच आहे, अगदी ठामपणे. मेट्रोला जिने नाहीतर लिफ्ट लागते, इथे आईने फुटपाथवरून सरळ पाय आत ठेवला, गुडघे दुखतात म्हणून मला धरलंसुद्धा नाही. रस्त्याच्या पातळीवर, दुकानाच्या समोर, हॉस्पिटलच्या दारात. आपल्याकडच्या मध्यम शहरांना हे किती शोभेल! २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये अशा शहरांसाठी मेट्रोलाइट (ट्रामसारखी हलकी गाडी) आणि मेट्रोनिओचं (वरच्या तारेवर चालणारी रबरी चाकांची गाडी) नाव घेतलं गेलं, नाशिकसाठी २०९२ कोटी रुपये सांगितले गेले, नाशिककर अजून वाट बघतायत. माझं म्हणणं एवढंच की ज्या दिवशी अशा लाइनीची नुसती कल्पना निघते त्याच दिवशी त्या रस्त्याखालचा शोध सुरू करा, कंत्राट द्यायच्या तीन-चार वर्षं आधी, शंभर-शंभर मीटरवर खड्डे घेऊन डोळ्यांनी बघा. पुण्यात माझ्या मामाच्या गल्लीत एकाच वर्षात पाणीवाले, केबलवाले, ड्रेनेजवाले तिघांनी तोच रस्ता तीनदा उघडला, त्या तीन वेळा खाली काय दिसलं ते कोणी मोजून लिहून ठेवलं असतं तर अर्धा नकाशा फुकटात झाला असता. २०२३ मध्ये आपल्याकडे 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप आलं, खोदणाऱ्याने आधी कळवायचं म्हणून, चांगली सुरुवात आहे, पण ॲपच्या मागे खरी मापं लागतात आणि ती खड्ड्यात डोकावूनच मिळतात.

तर आम्ही वेस्टमीडहून निघालो. चर्च स्ट्रीटवर वर तारा नाहीत, तिथे गाडी स्वतःच्या बॅटरीवर चालते, आई मान वर करून बघतच राहिली. पुढे एका स्टॉपचं नाव आलं, ट्रामवे ॲव्हेन्यू.

"म्हणजे इथे आधी ट्राम होती?"

होती. पॅरामाटाहून नदीवरच्या धक्क्यापर्यंत वाफेची ट्राम चालायची, १८८३ ते १९४३. गाडी गेली, रूळ गेले, रस्त्याला नाव तेवढं राहिलं.

"दादर टीटीसारखं," आई म्हणाली. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, साठ वर्षं झाली तिथे ट्राम नाही, तरी अजून टॅक्सीवाल्याला आपण टीटीच सांगतो. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. कार्लिंगफर्ड आलं, सगळे उतरले, मीही उठलो, तर ही खिडकीशी तशीच बसून.

"उतरायचंय का? हीच परत जाईल ना?"

हीच परत जाणार होती. मी पुन्हा तिच्या शेजारी बसलो.