ह्यूस्टनच पाहिजे म्हणालो होतो आम्ही

एप्रिल उजाडला की आमच्या ग्रुपवर एकच विषय, एनबीए बास्केटबॉलच्या प्लेऑफमधे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमधे, पहिल्या राउंडला आपल्यासमोर कोण आलेलं बरं. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, ग्रुपमधे सहा घरं, कोल्हापूर नागपूर डोंबिवली बेळगाव असं सगळं मिसळलेलं, पण वॉरियर्सच्या, म्हणजे आमच्या इथल्या टीमच्या, बाबतीत सगळे एकदिलाने. यावर्षी, २०२५ ला, मात्र हा वाद फारच पेटला, त्यात मीही आवाज चढवून भांडले, आणि मिनेसोटाकडून हरून आठवडा झाला तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून आता लिहूनच काढते.

आधी परिस्थिती काय होती ते सांगते कारण ती समजल्याशिवाय आम्ही कशावर भांडत होतो ते कळायचं नाही. वेस्टमधे, म्हणजे लीगच्या आपल्या अर्ध्या भागात, ओक्लाहोमा ६८ मॅच जिंकून पहिली, ह्यूस्टन ५२ जिंकून दुसरी, आणि त्यांच्याखाली तीन ते आठ नंबरवर नुसता गुंता. शेवटी लेकर्स, डेन्व्हर आणि क्लिपर्स तिघे ५० वर, मिनेसोटा ४९, आपण आणि मेम्फिस ४८. म्हणजे ८२ मॅचनंतर सहा टीममधे दोन मॅचचं अंतर! पहिल्या राउंडला पहिल्याशी आठवा, दुसऱ्याशी सातवा अशी गाठ पडते, म्हणून एखादी मॅच इकडची तिकडे झाली की समोरची टीम बदलणार, त्यामुळे रोज रात्री कोणीतरी नवीन हिशोब मांडायचं आणि दुसरं कोणीतरी तो खोडायचं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, ओक्लाहोमा नको. (मेम्फिसला त्यांनी पहिल्याच मॅचला १३१-८० हाणलं, तेव्हा आमचं एकमत किती बरोबर होतं ते कळलं.)

कोल्हापूरच्या दादांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, ह्यूस्टन पाहिजे. आणि त्यांच्याकडे मुद्देही होते, नुसतं मनात आलं म्हणून बोलणारा माणूस नाही तो. २०१५, २०१६, २०१८, २०१९, चार वेळा प्लेऑफमधे ह्यूस्टन समोर आली आणि चारही वेळा आपण जिंकलो. त्यात डिसेंबरपर्यंत आपण त्यांना सलग १५ वेळा हरवलेलं, ती रांग एनबीए कपच्या (सीझनमधेच होणारी वेगळी स्पर्धा) मॅचला ९१-९० अशी एका पॉइंटने तुटली. पोरं नवीन आहेत, आपल्या स्टेफ करीने पहिलं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा अमेन थॉम्पसन बारा वर्षांचा होता, असल्या पोरांचे हात प्लेऑफला थरथरतात, असं दादा म्हणायचे.

नागपूरच्या वहिनींचं उलट, त्यांना लेकर्स हवे होते. सगळे त्यांच्यावर तुटून पडले, कारण २०२३ ला लेकर्सनीच आपल्याला ४-२ ने घरी पाठवलेलं ते कोणी विसरलं नव्हतं, आणि आता तर लेब्रॉनच्या जोडीला लुका डॉन्चिच. वहिनी शांतपणे एवढंच म्हणायच्या की अहो पण त्याला आणायला अँथनी डेव्हिसला दिलाय ना, मग बास्केटखाली उभा राहणारा उंच माणूस आहे कुठे त्यांच्याकडे? कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

मी दादांच्या बाजूने होते. माझा मुद्दा वेगळा होता, मला वाटायचं की शेवटच्या पाच मिनिटांत बॉल कोणाच्या हातात द्यायचा हेच ह्यूस्टनला माहीत नाही. आपल्याकडे करी होता आणि फेब्रुवारीत जिमी बटलर आल्यापासून टीम बदलूनच गेलेली, तो खेळला त्या ३० मॅचमधे २३ जिंकल्या. अशी टीम पोरासोरांना का घाबरेल?

आणि मग माझा लेक. चौदा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममधे सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, म्हणून खेळतो. तो म्हणाला आई, तुम्ही सगळे स्कोअर कोण करेल तेवढंच बोलताय, ह्यूस्टनच्या सेंटरचं, स्टीव्हन अ‍ॅडम्सचं काय? मी म्हटलं तो तर बेंचवरून येतो. तर म्हणाला इकडे ये. स्वयंपाकघरातच, मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते, मला म्हणाला आता माझ्या मागून पुढे येऊन ती जुडी उचलायची. आणि माझ्याकडे पाठ करून, गुडघे वाकवून, पार खाली बसल्यासारखा उभा राहिला आणि कंबरेने मला मागे रेटायला लागला. ढकललं नाही, हात लावला नाही, नुसतं कंबरेचं वजन. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि ओट्यापासून सरकत सरकत फ्रिजला जाऊन टेकले. मांड्या भरून आल्या, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. तो म्हणाला हे असं रोज रात्री, शॉट चुकला की प्रत्येक वेळी, आणि त्यांचे शॉट खूप चुकतात, म्हणून तर त्यांना चुकलेला बॉल परत घ्यायची सवय आहे. स्वतःचेच चुकलेले शॉट परत उचलण्यात ह्यूस्टन अख्ख्या लीगमधे पहिली होती. हे मला माहीत होतं, पण एक आकडा म्हणून माहीत होतं. फ्रिजला पाठ लागल्यावर ते वेगळंच कळलं. तरी मी मत बदललं नाही.

६ एप्रिलला रामनवमी होती, रविवार. जन्माचा कार्यक्रम दुपारीच आटोपलेला, संध्याकाळी सगळे आमच्याकडेच थांबले मॅच बघायला, वाट्यांमधे सुंठवडा तसाच होता. समोर ह्यूस्टनच. अमेन थॉम्पसन करीला असा चिकटला की त्या दिवशी करीचे पॉइंट तीन. तीन! दहा शॉट मारले, एक गेला. १०६-९६ हरलो. बेळगावच्या काकूंनी विचारलं आज त्याला बरं नाही का. दादा म्हणाले एक दिवस असतो वाईट, उलट बरं झालं, आत्ताच होऊन गेलं. मी मान डोलावली. लेकाने माझ्याकडे फक्त बघितलं.

पुढचा आठवडा विचारू नका. ९ तारखेला सॅन अँटोनियोच्या हॅरिसन बार्न्सने, आपल्याच जुन्या बार्न्सने, शेवटच्या क्षणाला थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारून हरवलं. १३ तारखेला सीझनची शेवटची मॅच क्लिपर्सशी, जिंकलो असतो तर प्ले-इन, म्हणजे सातव्या ते दहाव्या नंबरच्या टीमना प्लेऑफसाठी खेळावं लागणारं जादाचं, टळलं असतं, ओव्हरटाइममधे १२४-११९ हरलो. मग १५ ला मेम्फिसला हरवायला बटलरला ३८ आणि करीला ३७ करावे लागले. आणि बक्षीस काय, तर ह्यूस्टन. दादांनी ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. मीही टाळ्या टाकल्या, खरं सांगते.

सातपैकी चार मॅच जिंकायच्या सिरीजची सुरुवात दादांच्या म्हणण्याप्रमाणेच झाली, पहिली मॅच त्यांच्याच घरी ९५-८५. दुसऱ्या मॅचला रिबाउंडला (चुकलेला बॉल पकडायला) वर गेलेला बटलर कमरेवर आपटला तो तिसरी खेळलाच नाही, मग करीने एकट्याने ३६ करून ती ओढली, चौथी १०९-१०६ अशी जेमतेम. ३-१. इथे संपायला पाहिजे होतं.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. डब्यातला आमरस, पुऱ्या, सगळे जमलेले, पाचवी मॅच. पहिल्या हाफमधेच मॅच हातातून गेली, १३१-११६. त्याच रात्री तिकडे मिनेसोटाने लेकर्सना पाचव्या मॅचमधे संपवलं, आणि कोणी संपवलं तर त्यांच्या सेंटरने, रुडी गोबेअरने, २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड. बास्केटखाली त्याला अडवायला कोणी नव्हतंच. वहिनी दोन महिने जे सांगत होत्या तेच, अगदी तसंच, फक्त ते आपल्याऐवजी मिनेसोटाने केलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, आमरस वाढत राहिल्या.

सहावी मॅच आपल्या घरी, चेस सेंटरला. अ‍ॅडम्सने १७ केले. आपण त्याला मुद्दाम फाउल करत होतो, फ्री थ्रो चुकवेल म्हणून, आणि तो बऱ्यापैकी घालत होता. पण मी पॉइंट बघतच नव्हते, मी करीचे पाय बघत होते. प्रत्येक पझेशनला कोणीतरी त्याला धरून, रेटून, स्क्रीनमधे अडकवून ठेवत होतं, आणि बॉल नसतानाही तो पळतच होता, कारण त्याचा खेळच तो आहे, बॉल नसताना पळणं. ३७ वर्षांचा माणूस. ११५-१०७ हरलो, ३-३.

सातवी आपण जिंकलो, १०३-८९. बडी हील्डने ३३ केले, अकरा थ्री मारले त्यातले नऊ गेले, करीच्या २२ पैकी १४ शेवटच्या क्वार्टरमधे. घरात आरडाओरडा, दादांनी व्हिडिओ कॉल करून मला सांगितलं बघा, म्हटलं होतं ना. आणि त्या क्षणी मलाही वाटलं की हो, बरोबर होतो आपण.

तो रविवार होता, ४ मे. मंगळवारी ६ मेला मिनियापोलिसमधे पुढची सिरीज सुरू. मिनेसोटाचे लोक ३० एप्रिलपासून घरी बसलेले, पाच दिवस झोपलेले, मसाज घेतलेले. आपल्याला मधे एक दिवस, त्यात विमानप्रवास. दुसऱ्या क्वार्टरमधे करीने डाव्या मांडीच्या मागे हात लावला. आंधळ्यालाही कळलं असतं काय झालंय. १३ पॉइंट होते त्याचे तेव्हा. ती मॅच आपण जिंकलो, ९९-८८, आणि तो परत आलाच नाही, पुढच्या चारही मॅच हरलो.

हे आपल्याला आधी माहीत नव्हतं असंही नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतोय. २०२३ ला हेच झालेलं. सॅक्रामेंटो तेव्हा १६ सीझननंतर प्लेऑफला आलेली, मालक विवेक रणदिवेंची टीम म्हणून आपल्याकडच्या लोकांना तिच्याबद्दल थोडं प्रेम आहेच, मुंबईचा माणूस, २०१९ ला तीच टीम वरळीच्या डोममधे खेळायला नेली होती त्यांनी, माझा भाऊ बघायला गेलेला. तर तेव्हाही आम्ही म्हणालो होतो सॅक्रामेंटो मिळाली, सोपं झालं, गाडीने दोन तासांचं अंतर, नवखी पोरं. सात मॅच गेल्या. करीने सातव्या मॅचला ५० केले, ३० एप्रिलला, आणि २ मेला लेकर्ससमोर उभे, मधे एक दिवस. लेकर्सनी मेम्फिसला सहा मॅचमधे उरकून विश्रांती घेतलेली. पहिलीच मॅच हरलो आणि मग सिरीज. दोन वर्षांत आम्ही सगळं विसरलो!

आणि २०१८. ह्यूस्टन आपल्यापुढे ३-२ ने गेली, पण त्याच पाचव्या मॅचला त्यांच्या क्रिस पॉलची मांडी गेली, तो सहावी सातवी खेळू शकला नाही, आपण जिंकलो आणि अजिंक्यपदही घेतलं. तेव्हा आमच्या घरात कोणी एक शब्द त्याच्यासाठी बोललं नव्हतं. मी तर नाहीच. आता करी बेंचवर बसलेला बघताना मला सारखा तो आठवत होता.

त्यामुळे माझं आता स्पष्ट मत झालंय आणि ग्रुपवरही मी ते मांडलं, की कोणाला हरवू शकतो हा प्रश्नच अपुरा आहे. आपली टीम म्हातारी आहे, हे बोलायला जीभ अडखळते पण आहे. करी ३७, बटलर ३५, ड्रेमंड ग्रीन ३५. अशा टीमने नावाने लहान पण अंगाने दांडगी टीम मागायचीच नाही. नाव मोठं चालेल, लेब्रॉन चालेल, लुका चालेल, दोघेही ४० करू देत, पण जी टीम रिबाउंडला रेटत नाही, बॉल नसताना धरून ठेवत नाही, जिच्याशी पाच मॅचमधे जिंकू किंवा पाच मॅचमधे हरू, ती परवडली. लेकर्स आपल्याला मिळाले असते तर हरलो असतो कदाचित, मला माहितीये, वहिनीही मान्य करतात. पण जिंकलो असतो तर पुढे खेळायला पाय शिल्लक असते.

दादांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, अहो प्लेऑफला सिरीज जिंकणं हेच काम, ते केलं, मांडी कधीही जाऊ शकते, लेकर्सबरोबरही गेली असती. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) कशामुळे गेली हे कोणी डॉक्टरही ठामपणे सांगू शकणार नाही. पण दादा, सातव्या मॅचनंतर ४८ तासांत? त्यांनी यावर अजून उत्तर दिलेलं नाही, फक्त २०१६ ची आकडेवारी पाठवली आहे, तीही ह्यूस्टनचीच.

त्या मंगळवारी रात्री करी आत गेला तेव्हा लेक टीव्हीसमोर जमिनीवर बसलेला होता, बूट घातलेले, प्रॅक्टिसहून तसाच आलेला. मला वाटलं आता म्हणेल मी सांगितलं होतं. तो काही म्हणाला नाही. बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला, आणि मग एवढंच विचारलं, ह्यूस्टनहून मिनियापोलिसला विमानाने किती वेळ लागतो गं?