ब्रूगेलच्या वावरात दुपारची सुट्टी

सध्या माझ्या लॅपटॉपवर पीटर ब्रूगेल या जुन्या फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचं 'द हार्वेस्टर्स' लावलंय, आणि नागपूरच्या या उन्हात ते चित्र फारच पटतं. १५६५ चं आहे, लाकडी फळीवर तैलरंगात, आता न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये. त्यांच्या साइटवर मोठा फोटो फुकट मिळतो, पाहिजे तेवढा झूम करा.

गहू सोंगणं चालू आहे, पण जवळपास अर्धी मंडळी झाडाखाली बसून जेवतायत, ब्रेड तोडतायत, वाडग्यातून काहीतरी पातळ खातायत, आणि बाजूला एक गडी पाय फाकवून असा आडवा पडलाय की नजर पहिले त्याच्यावरच जाते. शेतकऱ्याचं चित्र म्हटलं की आपल्याकडे एकतर घाम गाळणारा बळीराजा नाहीतर आभाळाकडे बघणारा दुःखी चेहरा. इथे दोन्ही नाही. माणूस दमला, जेवला, झोपला, बस.

मामांचं वावर काटोलकडे आहे, त्यांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, "हा झोपून राह्यला का गेला बाप्पा?" मग गव्हाच्या उंचीवर अडकले. पार माणसाच्या छातीपर्यंत! आपल्याला आता बुटका गहू पाहायची सवय, पण त्या जाती १९६० च्या दशकात आल्या, त्याआधी गहू उंचच असायचा आणि वारा आला की लोळायचा पण. आणि हे लोक लांब दांड्याच्या विळ्याने उभ्याउभ्या कापतायत, आपल्यासारखं उकिडवं बसून नाही. "कंबर वाचते मग," मामा म्हणाले. एवढं आर्ट क्रिटिसिझम बास आहे मला.

ब्रूगेलच्या आधी योआखिम पाटिनिर नावाचा फ्लेमिश चित्रकार होता, त्याच्याकडे निसर्ग अफाट आणि त्यात एखादा संत, पार छोटासा. ब्रूगेलने अफाटपणा ठेवला आणि संताला सुट्टी देऊन मजूर आणले. 'द हार्वेस्टर्स' हे ऋतूंच्या एका मालिकेतलं चित्र, त्याच मालिकेतल्या 'हंटर्स इन द स्नो'मध्ये मागे टोकदार डोंगर आहेत, आता फ्लँडर्स, म्हणजे ब्रूगेलकडचा भाग, तर सपाट मुलूख, पण गडी आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता ना, डोकं भरून घेऊन आला आणि दिले आपल्या गावामागे उभे करून!

ही वर्षभराच्या ऋतूंची मालिका त्याने अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यासाठी काढली, बहुतेक सहा चित्रं, त्यातली पाच उरली, वसंताचं हरवलं असं मानतात. म्हणजे राबणारे गावात आणि चित्र शेठजीच्या घरी. आता खरी गंमत ऐका, १५६६ मध्ये हा योंगेलिंक एका ओळखीच्या माणसाच्या थकबाकीपायी जामीन राहिला आणि तारण म्हणून आपली चित्रं लिहून दिली, त्यात ब्रूगेलची सोळा! हे सांगितल्यावर मामा पहिल्यांदा सरसावून बसले. "काहून राह्यला जामीन? शहाणा माणूस होता ना तो?" दुसऱ्याच्या कर्जाला सही करून फसलेले लोक त्यांच्या गावात ढिगाने आहेत, त्यामुळे पुढचा अर्धा तास ब्रूगेल बाजूला राहिला आणि तेच किस्से सुरू झाले.