आमराईचा नकाशा, टप्पा ३: झाडाची माहिती झाडालाच चिकटवली

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या बागेच्या नकाशात प्रत्येक आंबा म्हणजे एक वर्तुळ. जात, लागवडीचं साल, घेराची त्रिज्या आणि गेल्या हंगामाचं उत्पन्न आता वेगळ्या एक्सेल शीटमध्ये नाही, वर्तुळाच्याच एक्स-डेटात (वस्तूला जोडलेल्या जादा माहितीत) बसलंय. काम ऑटोलिस्प या ऑटोकॅडच्या प्रोग्रामिंग भाषेत. एलटी (कमी सोयींचं, स्वस्त ऑटोकॅड) वापरणाऱ्यांना त्यासाठी २०२४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागेल.

आधी रेगॲप या फंक्शनने ॲपचं नाव, म्हणजे आपल्या डेटाची ओळख, नोंदवायचं (३१ अक्षरांपर्यंत, रोमन लिपीतच ठेवलेलं बरं). ही पायरी चुकली तर वस्तूत बदल नोंदवणारं एंटमॉड निल (म्हणजे 'झालं नाही') देतं आणि वर्तुळ होतं तसंच राहतं. मग वस्तूची माहिती वाचणाऱ्या एंटगेटने आलेल्या यादीला उणे ३ या कोडची जोड द्यायची: आत ॲपचं नाव, त्यामागे कोड आणि मूल्य यांच्या जोड्या. इथे कंस मोजा, निम्म्या चुका तिथेच.

जात कोड १००० मध्ये (मजकूर, २५५ बाइटपर्यंत), साल १०७० मध्ये. १०७० ला ३२,७६७ च्या वरचा आकडा झेपत नाही. मोठा पूर्णांक असेल तर १०७१.

खरी गोम १०४० आणि १०४१ मध्ये आहे. दोन्ही दशांश आकडेच, पण १०४१ हे अंतर धरलं जातं, म्हणून वस्तू स्केल केली की तेही गुणलं जातं. मीटरमधला नकाशा मिलिमीटरसाठी १००० पट केला आणि ६० किलो उत्पन्न १०४१ मध्ये असेल, तर त्या झाडाला ६०,००० किलो आंबा! घेराची त्रिज्या १०४१ मध्ये, किलो १०४० मध्ये. यात तडजोड नको.

वाचताना एंटगेटला ॲपचं नाव दिलं नाही तर एक्स-डेटा येतच नाही. "डेटा उडाला" अशी ओरड बहुतेक वेळा यामुळेच. वस्तू निवडणाऱ्या एसएसगेटची गाळणी फक्त 'या ॲपचा डेटा आहे का' एवढंच पाहते. हापूस तेवढे निवडायचे तर लूप फिरवून १००० तपासावा लागतो.

वर्तुळ कॉपी केलं की एक्स-डेटाही सोबत जातो, म्हणजे त्याच झाडाची नोंद दुबार. वर्तुळाऐवजी ब्लॉक (अनेक आकारांची एकत्र बांधलेली वस्तू) वापरला आणि तो एक्सप्लोड केला, म्हणजे फोडून सुटा केला, तर ब्लॉकवरचा डेटा गेलाच.

एका वस्तूवर सगळ्या ॲपचा मिळून १६ केबीच्या आसपास डेटा मावतो. किती जागा उरलीय ते एक्सडीरूम हे फंक्शन सांगतं. दरवर्षीच्या फवारणीची नोंद यात कोंबण्यात अर्थ नाही, ती पुढच्या टप्प्यात एक्स-रेकॉर्डमध्ये (नकाशातच माहिती साठवायची वेगळी जागा).